भिंत गुळगुळीत झाली, पण धूळ कुठे गेली?

दसरा-दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये रंगकाम निघतं. पूर्वी दोन पोरं काचपेपर घेऊन दिवसच्या दिवस भिंती घासत बसायची. आता पेंटर लांब दांड्याचं विजेचं मशीन घेऊन येतो. पुढे साधारण नऊ इंचांची गोल चकती, तिला काचपेपर चिकटवलेला. लांबी, म्हणजे हल्ली आपण जिला पुट्टी म्हणतो ती, वाळली की हे भिंतीवरून फिरवायचं. काम झटपट होतं आणि हातही भरून येत नाहीत. परदेशात घरांच्या भिंती जिप्समच्या बोर्डाच्या असतात, त्यांना ड्रायवॉल म्हणतात. त्यांच्यासाठी हे मशीन निघालं, म्हणून नाव ड्रायवॉल सँडर. आपल्याकडे पुट्टी आणि पीओपीच्या घासाईला ते वापरतात. पुण्यात हत्यारं घ्यायला बोहरी आळीत जायचं, पण आता लहान गावांतल्या पेंटरांकडेही ही मशीनं दिसू लागली आहेत.

मैत्रिणींनो, या मशीनला एक शेपूट असते. चकतीला भोकं असतात, तिथून धूळ ओढून घेणारा पाइप निघतो आणि तो पिशवीला किंवा मोठ्या व्हॅक्यूमला जोडतात. मशीनचं हे अर्धं अंग नेमकं घरी राहतं! पाइप पायात येतो, पिशवी सारखी रिकामी करावी लागते, म्हणून पेंटर ती काढूनच टाकतात. मग ही चकती हातापेक्षा कितीतरी जोरात धूळ उडवते. म्हणून मशीन उंबऱ्याच्या आत येण्याआधीच विचारायचं, ‘दादा, धुळीची पिशवी कुठंय?’ नसेल तर सरळ हातघासाई करायला सांगा. घरातला झाडलोटीचा व्हॅक्यूम क्लीनर मात्र देऊ नका. त्याच्या फिल्टरमधून बारीक पूड पार होऊन पुन्हा खोलीतच येते.

या धुळीत असतं काय? पुट्टीत पांढरं सिमेंट आणि दगडाची पूड. ती डोळ्यांना, कातडीला झोंबते. खालचा सिमेंटचा गिलावा घासला गेला तर त्यातली वाळूही उडते. वाळू म्हणजे सिलिका. तिची अगदी बारीक पूड फुप्फुसात खोल जाऊन बसते, ती परत निघत नाही. आपण लहानपणी पाटीवर ज्या पेन्सिलीने लिहायचो, ती मध्य प्रदेशात मंदसोरला बनायची. तिथे दगड विजेच्या करवतीने कापायला लागले आणि त्या धुळीने तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याचा अभ्यास केला आहे. सिलिकोसिस बरा होत नाही, आणि टीबीचा धोकाही वाढवतो. आपल्या घरातलं काम चार दिवसांचं, तेवढ्याने असं होणार नाही. पण पेंटर वर्षभर हेच करतो ना! आमच्या बचत गटातल्या एकीचा नवरा घासाईच्या कामावर जातो. ती सांगत होती, ‘त्यांचे कपडे झटकले की अंगणात पीठ सांडल्यासारखं होतं.’ म्हणजे धूळ त्याच्याबरोबर तिच्या घरापर्यंत आणि तिच्याही नाकापर्यंत पोचते. असे कपडे झटकू नयेत, बाहेरच पाण्यात बुडवावेत आणि वेगळे धुवावेत.

नाकाला रुमाल बांधून काही साधत नाही. कोरोनात आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झालेला एन-९५, किंवा एफएफपी-२ लिहिलेला मास्क हवा. नाकावरची पट्टी दाबून बसवायची. दाट दाढी असेल तर तो नीट बसत नाही. डोळ्यांना बंद गॉगल हवा. हे सामान घरमालकिणीने आणून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रंगाच्या डब्यांवर आपण किती घालतो, त्यापुढे हा खर्च तो किती!

जुन्या घरात आणखी एक पाहायचं. दारं, खिडक्या, गज यांवरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. पेठांतले वाडे, तुमच्याकडची माळवदाची घरं, यांच्या दारांवर तर थरावर थर असतात. ते मशीनने कोरडे घासू नका. वॉटर पेपर पाण्यात बुडवून हातानेच घासायला सांगा. शिशाची पूड रांगत्या मुलांच्या हातातून तोंडात जाते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. गरोदर बाई आणि लहान मुलं यांना त्या दिवसांत माहेरी किंवा शेजारी पाठवलेलं बरं. दम्याच्या माणसांनीही या धुळीपासून लांबच राहावं.

आता विजेचं. ओल्या पुट्टीवर किंवा ओल्या हाताने मशीन चालवायचं नाही. उघड्या वायरी प्लगच्या भोकात काडीने खोचणं, हे तर आपल्याकडचं खास काम! तसं दिसलं की थांबवा. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळीतून पूर्ण सोडायची, नाहीतर ती तापते. मीटरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी असेल तर त्याचं ‘टेस्ट’ बटण दाबून तो पडतो का, ते आधी बघा. नसेल तर रंगाआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. काचपेपर बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचाच. स्विचबोर्डाजवळची भिंत हातानेच घासावी. कुणी मैत्रीण स्वतः मशीन धरणार असेल तर ओढणी, पदर, बांगड्या आणि मोकळे केस आधी आवरा.

काम चालू असताना पंखा बंद, खिडकी उघडी, आणि दाराला ओली चादर. एका वेळी एकच खोली. आणि संध्याकाळी केरसुणी मुळीच नको! खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा हवेत जाते. फरशीवर पाणी शिंपडून ओल्या फडक्याने गोळा करा, फडकं दर वेळी धुवा. कामवाल्या मावशी हे करणार असतील तर त्यांनाही मास्क द्या. पुट्टीचं पाणी मोरीत ओतलंत तर पाइप तुंबेल, ते बादलीत निवळू द्या आणि खालचा गाळ पिशवीत भरून टाका.

जाता जाता पेंटरला एक विचारा, इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे त्याची नोंदणी आहे का. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामाशी संबंधित काम केलेलं असलं की ती करता येते. त्या ९० दिवसांचा दाखला मात्र लागतो. तुमच्याकडे किती दिवस काम केलं ते तारखेनिशी कागदावर लिहून, सही करून द्या. दाखला मिळवताना तो कागद त्याच्या उपयोगी पडेल.