सशाच्या कानातली खपली म्हणजे मळ नव्हे

घरातला ससा सारखी मान झटकतो, मागच्या पायाने कान खाजवतो, कानाला हात लावला की अंग चोरतो. कान उघडून पाहिला तर आत पिवळट-तपकिरी खपल्यांचे थर दिसतात. बहुतेक घरांत याला मळ समजून काडीला कापूस गुंडाळला जातो आणि कान कोरायला सुरुवात होते. इथेच चूक होते.

हा मळ नव्हे, ही कानातली खरूज आहे. माइट नावाचे अतिशय बारीक किडे सशाच्या कानात राहतात. त्यांच्यामुळे कातडीची आग होते, पाणी सुटते आणि ते वाळून खपल्या धरतात. खपलीखालची कातडी सोललेली असते. खपली ओढली की रक्त येते आणि ससा वेदनेने तडफडतो. योग्य औषध सुरू झाल्यावर या खपल्या आठ-दहा दिवसांत आपोआप गळतात. म्हणून कान कोरू नये.

आजार अंगावर काढला तर ससा खाणे कमी करतो व वाळत जातो. कानाच्या आतल्या भागात पू झाला तर मान एका बाजूला वाकडी होते आणि ससा तोल जाऊन पडतो. त्यामुळे खपली दिसताच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

घरगुती उपाय का नकोत?

रॉकेल, फिनेल, डेटॉल कानात घालू नये. सोललेली कातडी भाजून निघते. माणसांच्या खरजेचे मलमही लावू नये. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे फिप्रोनिलचे थेंब तर सशाच्या जिवावर बेततात. घरात उरलेली अ‍ॅमॉक्सिसिलिनची गोळी किंवा पातळ औषधही पाजू नये. त्याने सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, हगवण लागते आणि ससा दगावू शकतो.

या आजारावर डॉक्टर बहुधा आयव्हरमेक्टिन देतात. हेच औषध गाईगुरांसाठीही मिळते, म्हणून काही जण दुकानातून आणून स्वतःच टोचतात. हिशेब पाहा. गुरांच्या नेहमीच्या इंजेक्शनच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. दीड किलोच्या सशाला एका वेळी अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास पुरते, म्हणजे जेमतेम एक थेंब. अंदाजाने अर्धी सिरिंज भरली तर काय होईल, ते सांगायला नको. मात्रा वजन करूनच ठरवावी लागते आणि ते काम डॉक्टरांचे आहे.

एका डोसवर थांबू नका

पहिल्या डोसनंतर खाज कमी होते आणि आपण दुसऱ्यांदा जायचे टाळतो. पण औषधाने किडे मरतात, अंडी राहतात. अंड्यापासून नवा किडा तयार व्हायला सुमारे ३ आठवडे लागतात. म्हणून साधारण १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन-तीन डोस असतात. ते पूर्ण केले नाहीत तर पहिल्या डोसचे पैसेही वाया जातात.

सोबतचे सगळे ससे, बरे दिसत असले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सशाच्या अंगाबाहेर पडलेला किडाही काही दिवस, कधी कधी ३ आठवड्यांपर्यंत जगतो. त्यामुळे खोक्यातले जुने गवत व गोणपाट पिशवीत बांधून फेकून द्या. खोका उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. लाकडाच्या फटी विसरू नका. पुठ्ठ्याचा खोका असेल तर बदलून टाका.

दवाखान्यात नेताना

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा. मुंबईत परळचे बैलघोड्याचे हॉस्पिटल आहे, तर नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सशाला ऊन सोसत नाही, म्हणून सकाळी लवकर, भोके पाडलेल्या खोक्यातून न्या. कान धरून कधीही उचलू नका. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली ठेवा. ससा दिवसभर काहीच खात नसेल किंवा मान वाकडी झाली असेल तर थांबू नका, त्याच दिवशी न्या.

घरच्यांना लागण होते का?

कानातले हे किडे माणसाच्या अंगावर वस्ती करत नाहीत. त्यामुळे घाबरून ससा रस्त्यावर सोडू नका. मात्र सशांना होणाऱ्या खरजेच्या दुसऱ्या काही प्रकारांनी माणसालाही खाज सुटते. मुलांच्या हातावर, पोटावर पुरळ दिसले तर आरोग्य केंद्रात दाखवा आणि घरात ससा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. सशाला हाताळल्यावर साबणाने हात धुवायची सवय मुलांना लावा. आठवड्यातून एकदा उजेडात कान पाहायचे कामही मुलांकडेच द्या. खपली लहान असतानाच सापडली तर उपचार सोपा जातो.