मोठे टायर, उंच जीप : पण किती उंच?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेव्हाडा नावाची पर्वतरांग आहे. तिच्यातून टाहो सरोवराकडे जाणारी, सुमारे ३५ किलोमीटर लांबीची एक वाट आहे. तिला रुबिकॉन ट्रेल म्हणतात. वाट म्हणायची ती नावापुरती. प्रत्यक्षात ती ग्रॅनाइटच्या धोंड्यांची रासच आहे. १९५३ सालापासून तेथे जीपवाल्या हौशी मंडळींचे मेळावे भरत आले आहेत. माणसाच्या चालीहूनही मंद गतीने, एकेक धोंडा चढत-उतरत ही मंडळी वाट पार करतात. रँग्लर जातीच्या जीपच्या एका प्रकाराला तर या वाटेवरूनच 'रुबिकॉन' हे नाव मिळाले आहे.

तेथील गाड्यांची छायाचित्रे पाहिलीत तर एक गोष्ट चटकन ध्यानात येईल. बऱ्याचशा गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा राहिलेल्या नसतात. टायर भलेमोठे असतात आणि गाडीचे धड चाकांपासून वर उचललेले असते. धड असे वर उचलण्याला तिकडे 'लिफ्ट' म्हणतात. दोन इंचांची लिफ्ट, चार इंचांची लिफ्ट, सहा इंचांची लिफ्ट असे तिचे सुटे भाग तयार मिळतात. आता तुम्हांला वाटेल, गाडी जितकी उंच तितकी ती दगडांवरून सुखाने जाईल, मग सहा इंचच का घेऊ नये? या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूमिती आणि यांत्रिकी यांचे निम्मे पुस्तक उघडावे लागते!

प्रथम गाडीच्या खाली वाकून पाहू. रँग्लरची मागची दोन चाके एका जाड लोखंडी नळीने जोडलेली असतात. हा झाला ॲक्सल, म्हणजे आस. नळीच्या मधोमध भोपळ्यासारखा एक फुगीर गोळा दिसतो. इंजिनाकडून आलेली गती दोन्ही चाकांना वाटून देणारी दातेरी चाके त्यात असतात. त्याला डिफरन्शियल म्हणतात. पुढच्या चाकांमध्येही असाच एक गोळा असतो. गाडीच्या खालच्या अंगाला सर्वांत खाली लोंबणारी वस्तू ती हीच, आणि दगड बहुधा आपटतो तो हिच्यावरच.

हा गोळा जमिनीपासून किती उंच राहील, हे कशावर ठरते? आस चाकांच्या मध्याला जोडलेली आहे. म्हणजे आसाची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी. स्प्रिंगा असतात आसाच्या वर, आणि गाडीचे धड असते स्प्रिंगांच्या वर. मग स्प्रिंगा उंच केल्या तर वर काय जाईल? फक्त धड! गोळा होता तेथेच राहील. खाटेखाली मोठी ट्रंक सरकवायची असेल तर आपण खाटेच्या पायांखाली विटा ठेवतो, खाटेवर दुसरी गादी घालत नाही. गादीने झोपणारा उंच होईल, ट्रंक मात्र बाहेरच राहील. लिफ्ट ही अशी दुसरी गादी आहे. विटांचे काम करतो तो टायर.

आकडे घालून पाहू. २००६ ते २०१८ या काळात बनलेल्या रँग्लर रुबिकॉनच्या टायरवर २५५/७५ आर १७ असा आकडा असे. पहिली संख्या टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगते. दुसरी सांगते, की टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७५ आहे. शेवटची संख्या आतल्या लोखंडी चकतीचा व्यास इंचांत देते. तेव्हा भिंत १९१ मि.मी., अशा दोन भिंती ३८२ मि.मी., चकती ४३२ मि.मी.; एकूण व्यास सुमारे ८१४ मि.मी., म्हणजे ३२ इंच. रुबिकॉनच्या वाटेवर जाणारे अनेक जण त्याऐवजी ३५ इंची टायर बसवतात. त्याचा व्यास ८८९ मि.मी. फरक ७५ मि.मी.चा, पण आस वर जाते ती त्याच्या निम्मी, साधारण ३७ मि.मी. तीन इंच मोठा टायर घेऊन पदरात पडतो दीड इंच.

एवढ्याशा दीड इंचासाठी एवढा खटाटोप कशाला, असे म्हणू नका. गोळ्याखाली मुळात जेमतेम २५ सें.मी. मोकळी जागा असते, ती २९ च्या जवळ जाते. शिवाय मोठ्या चाकाचा आणखी एक गुण आहे. चाक पायरीला टेकले म्हणजे ते पायरीच्या कडेभोवती फिरून वर चढते. ढकलल्या जाणाऱ्या चाकावरचा भार 'भ', त्रिज्या 'त' आणि पायरीची उंची 'उ' असेल, तर ते वर चढवायला आडव्या दिशेने लागणारे बल

भ × √(२तउ − उ²) ÷ (त − उ)

इतके असते. (दहावीतल्या विद्यार्थ्यांनी आकृती काढून हे सूत्र स्वतः मिळवावे, पायथागोरसपलीकडे फारसे काही लागत नाही.) १५ सें.मी. उंचीची पायरी घ्या. जुन्या चाकाला भाराच्या १.२३ पट बल लागते, नव्याला १.१३ पट. बैलगाडीची चाके एवढी मोठी का करीत, याचेही उत्तर या सूत्रात दडलेले आहे.

तर मग लिफ्ट हवीच कशाला? जागेसाठी, आणि केवळ जागेसाठी. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना मोठा टायर मडगार्डखाली बसलेला दिसेल, म्हणून फसू नका. चाक दगडावर चढले की स्प्रिंग दबते आणि टायर मडगार्डच्या पोकळीत शिरतो. त्यात स्टिअरिंग वळवलेले असले तर टायरचा कोपरा पुढे-मागे सरकून आसाच्या दांड्यांना किंवा पत्र्याला घासतो. चाकाने वर किती जावे याला मर्यादा घालायला स्प्रिंगेजवळ एक रबरी ठोकळा असतो. आस त्याला टेकली की प्रवास संपला. म्हणून जाणकार मेकॅनिक आधी टायर पक्का करतो, मग एका बाजूचे चाक उंच ओट्यावर चढवून, ते ठोकळ्याला टेकेपर्यंत दाबून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून टायर कोठे घासतो ते पाहतो. जितका घासतो तेवढीच जागा करायची. ३५ इंची टायरसाठी रँग्लरला साधारण अडीच इंचांची लिफ्ट पुरते, हे अशाच अनुभवाने ठरलेले आहे.

ही जागा करण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे स्प्रिंगेवर एक जाड चकती ठेवणे. स्प्रिंग जुनीच, बैठक तेवढी उंच. पण धक्के शोषणारी नळकांडी जुन्याच लांबीची राहिली, तर खड्ड्यात चाक खाली लोंबताना ती लवकर पूर्ण ताणली जातात आणि चाक अधांतरी राहते. ठोकळाही तेवढाच लांब करावा लागतो, नाहीतर दबलेल्या स्प्रिंगेबरोबर टायर पुन्हा पत्र्याला भिडणारच. दुसरी तऱ्हा लांब स्प्रिंगा आणि त्यांना साजेशी लांब नळकांडी एकत्र बसवण्याची. ही महाग, पण चाकाचा वर-खाली प्रवास टिकवणारी. तिसरी तऱ्हा मला सर्वांत हुशारीची वाटते : मडगार्डच कापून किंवा अरुंद मडगार्ड बसवून टायरला वाट करून द्यायची आणि लिफ्ट कमीत कमी ठेवायची. दिसायला ती तितकी रुबाबदार नसते. पण जी जागा पत्रा कापून मिळते, तिच्यासाठी सारी गाडी उचलायची गरज काय?

कारण उचलण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती केवळ पैशांत नसते. आस धडाला काही दांड्यांनी जोडलेली असते. धड वर गेले की हे दांडे तिरपे होतात आणि आपल्याबरोबर आसालाही थोडी फिरवतात. पुढच्या आसाचे हे फिरणे घातक. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून सायकल सरळ धावू पाहते. जीपच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. आस फिरून तो कमी झाला तर गाडी रस्त्यावर सुंभासारखी सैल चालते, सतत स्टिअरिंग सावरावे लागते. आसाला आडवी धरून ठेवणारी एक तिरपी दांडीही असते. तिचे एक टोक धडाला, दुसरे आसाला. भिंतीला टेकवलेली शिडी अधिक उभी केली की तिचा पाया भिंतीकडे सरकतो ना? त्याच न्यायाने धड उचलले की आस एका बाजूला सरकते, आणि गाडीची चाके धडाच्या मधोमध राहत नाहीत. अडीच इंचांवर हे दोष लहान असतात, बदलत्या लांबीच्या दांड्या बसवून दुरुस्त करता येतात. सहा इंचांवर निम्मा सांगाडाच नव्याने बांधावा लागतो.

इंजिनाची गती आसाकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचेही तसेच. त्याच्या टोकांना बहुधा गॅरेजवाल्यांच्या भाषेतला 'क्रॉस' असतो. या सांध्यात एक गंमत आहे : तो वाकलेला असताना एक बाजू एकसारख्या वेगाने फिरवली, तरी दुसरी बाजू एका फेरीत दोनदा वेगवान आणि दोनदा मंद होते. १० अंशांच्या बाकाला ही चढउतार शेकडा दीड, २० अंशांना शेकडा सहा. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एका सांध्याची चढउतार दुसरा मोडून काढतो. आस फिरून कोन असमान झाले की गाडी थरथरू लागते. वर सांगितलेल्या पिढीच्या रँग्लरमध्ये पुढच्या दांड्याला क्रॉसऐवजी गोळ्यांचा सांधा असे, वंगण भरून रबरी टोपणात बंद केलेला. कोन फार वाढला की टोपण घासून फाटते आणि वंगण उडून जाते. मग सांधा किती दिवस टिकेल?

चाकांपर्यंत ब्रेकचे तेल नेणाऱ्या रबरी नळ्या तर मुळीच विसरून चालणार नाही. धड वर गेले, नळी तेवढीच राहिली, आणि खड्ड्यात चाक खाली लोंबले, की ती ताणून तुटू शकते. गाडी उताराला असताना नळी तुटली तर काय होईल, ते सांगायला नको.

आता सर्वांत मोठी किंमत. गाडी आडव्या उतारावर कलली आणि तिच्या गुरुत्वमध्यातून काढलेला लंब खालच्या चाकांच्या बाहेर पडला, की ती उलटते. समजा, दोन बाजूंच्या चाकांतील अंतर १५७ सें.मी. आणि गुरुत्वमध्याची उंची ७५ सें.मी. आहे. निम्मे अंतर ७८.५, त्याला ७५ ने भागले की ज्या कोनाची स्पर्शज्या मिळते तो सुमारे ४६ अंश. मोठे टायर आणि अडीच इंचांची लिफ्ट यांनी गुरुत्वमध्य नऊ सें.मी. वर गेला असे धरा, तर हा कोन ४३ अंशांवर येतो. सहा इंचांच्या लिफ्टने तो सोळा सें.मी. वर गेला तर ४१ अंशांच्या आत. शिवाय हा हिशोब गाडी दगडासारखी ताठ मानून केलेला आहे. खरी गाडी कलताना खालच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात आणि धड आणखी झुकते, म्हणून ती या कोनाच्या पुष्कळ आधीच उलटते. रुबिकॉनच्या धोंड्यांवर एक चाक खळग्यात आणि एक उंचवट्यावर असते, तेव्हा असा एकेक अंश जपून वापरावा लागतो.

टायरचे स्वतःचे देणे वेगळेच. व्यास शेकडा ९ ने वाढला, म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी ९ टक्के अधिक अंतर कापते. वेगदर्शक काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६५ च्या पुढे असेल. इंजिनाला पहिल्याइतकी ओढ द्यायची तर आसातील दातेरी चाकेही बदलायला हवीत. रुबिकॉनमध्ये त्यांचे प्रमाण ४.१० होते, जुना तोल साधायला ते सुमारे ४.४८ असावे लागते, आणि बाजारात मिळणारे जवळचे प्रमाण ४.५६ आहे. ब्रेक तेच राहिले, पण टायरची त्रिज्या वाढल्यामुळे जमिनीवर मिळणारे रोधक बल शेकडा आठने घटते. बदलायचे टायरही पाच, कारण मागे टांगलेला जादा टायर जुन्या मापाचा ठेवून कसे चालेल?

आपल्याकडे २०२० सालापासून नाशिकच्या कारखान्यातून निघू लागलेली नवी थार तुम्ही पाहिली असेल. तिच्या मागच्या चाकांना रँग्लरसारखी एकसंध आस आहे. पुढची चाके मात्र स्वतंत्रपणे वरखाली होतात, आणि पुढचा डिफरन्शियल सांगाड्यालाच जोडलेला असतो. म्हणजे येथे लिफ्टने पुढचा गोळाही वर जातो! पण त्याच्यापासून चाकांकडे जाणारे आखूड दांडे लगेच तिरपे होतात आणि त्यांचे सांधे ताणले जातात, म्हणून पुढच्या बाजूला फार उचलता येत नाही. आणि कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ सांगते, की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वाहन वेगळे होईल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. अमेरिकेतही अनेक राज्यांनी गाडी किती उचलावी याला मर्यादा घातल्या आहेत.

गाडी न उचलताही एक प्रयोग करता येईल. थारच्या एका प्रकारातील टायरवर २५५/६५ आर १८ असा आकडा आहे. त्याचा व्यास काढा. मग तुमच्या गल्लीत उभ्या असलेल्या रिक्षाच्या, बसच्या आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची त्रिज्या टेपने मोजा, आणि १५ सें.मी. उंचीच्या पायरीसाठी प्रत्येकाला भाराच्या किती पट बल लागेल याचा तक्ता करा. रिक्षाच्या ओळीत येणारा आकडा पाहून फूटपाथच्या कडेला रिक्षावाला इतका का बिचकतो, ते कळेल.