बालवाडीतील खेळातून शिक्षण

बालवाडीतील खेळातून शिक्षण म्हणजे तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना भाषा, संख्याबोध, हालचालींवरील ताबा आणि चारचौघांत वावरण्याची रीत त्यांच्या स्वाभाविक खेळाद्वारे आत्मसात करू देणारी अध्यापनपद्धती होय. या पद्धतीत खेळ हा अभ्यासानंतर मिळणारा विसावा नसतो. तोच अभ्यास असतो. मात्र मुले खेळत आहेत एवढ्यावरून ती शिकत आहेत असे म्हणता येत नाही. योग्य साहित्य, पुरेसा मोकळा वेळ आणि शिक्षिकेचे डोळस निरीक्षण यांची जोड मिळाली तरच वर्गातील खेळाला शैक्षणिक मोल येते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या कार्यामुळे या पद्धतीला स्वतःचे रूप लाभले.

पूर्वपीठिका

खेळाला शिक्षणाचे साधन म्हणून सुसंगत स्थान देण्याचे श्रेय जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांना दिले जाते. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी सुरू केलेल्या संस्थेला १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हे नाव मिळाले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन अशा क्रमबद्ध वस्तू त्यांनी तयार केल्या आणि त्यांना ‘देणग्या’ म्हटले. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बालोद्यानांवर बंदी घातली, ती १८६० मध्ये उठली. चेंडू आणि ठोकळे घेऊन बसलेल्या मुलांची सरकारला भीती वाटावी, ही शिक्षणाच्या इतिहासातील एक विलक्षण घटना आहे. पुढे फ्रोबेलच्या अनेक अनुयायांनी या देणग्यांची कवायत केली. ठरलेल्या आज्ञेवर ठरलेला ठोकळा उचलणे एवढेच त्यात उरले आणि खेळ लोपला.

मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. मुलाच्या हातात खरे काम द्यावे, साहित्य असे असावे की चूक मुलाला स्वतःलाच उमगेल, हा त्यांचा आग्रह होता. काल्पनिक खेळाविषयी मात्र त्या साशंक होत्या. भारतात भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० पासून माँटेसरी पद्धतीला गोष्टी, नाट्य आणि लोकगीते यांची जोड दिली. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला.

बोर्डी व कोसबाड

शहरातील बालमंदिराचे साहित्य खर्चिक होते आणि तेथे येणारी मुले बहुधा सुस्थितीतील घरांची होती. ही पद्धत खेड्यातील गरीब मुलांपर्यंत पोहोचेल काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी (तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा) येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले मध्यवर्ती बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे यांपासून तेथील दिवस सुरू होई आणि मग गाणी, गोष्टी व खेळ होत. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हे प्रत्यक्ष अंगण आहे.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, प्रामुख्याने वारली आदिवासी मुलांमध्ये, सुरू झाले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून कुरणावर भरणारी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली घरी अडकतात, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. साहित्य परिसरातून आले. गोटे, शिंपले, बिया, पाने, काड्या आणि माती यांनी विकत आणलेल्या लाकडी संचांची जागा घेतली. या बदलाचे कारण केवळ काटकसर नव्हते. शिंपला मुलाच्या ओळखीचा असतो, त्यामुळे त्याचे लक्ष वस्तूच्या नवलाईवर खर्च न होता तिच्या आकाराकडे आणि संख्येकडे वळते. शिवाय ती हरवली तरी कोणी रागावत नाही, हे बालवाडीत लहान कारण नव्हे.

खेळात काय घडते

भातुकलीचे उदाहरण घेता येईल. चार वर्षांची मुलगी करवंटीला पातेले मानते आणि वाळूला भात. वस्तू एक, अर्थ दुसरा, ही फारकत तिने आपणहून केलेली असते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी १९३३ मधील व्याख्यानात काठीचा घोडा करणाऱ्या मुलाच्या संदर्भात हाच मुद्दा मांडला होता. पुढे ‘क’ ही आकृती एका ध्वनीची खूण आहे हे स्वीकारायचे असते, तेव्हा लागणारी बुद्धीची सवय येथे तयार होते. त्याच भातुकलीत चार पाहुण्यांसाठी चार पाने मांडताना एकास एक संगती लागते; एखादे पान कमी पडले तर ‘एक कमी’ हे शब्द गरजेतून उच्चारले जातात. आई होणारी मुलगी आईसारखी बोलते, म्हणजे एरवी तिच्या तोंडी नसणारी वाक्ये वापरून पाहते. घरची बोली येथे अडथळा ठरत नाही. वारली वा अन्य बोली बोलणारे मूल खेळात जितके बोलते तितके पाठांतराच्या तासाला बोलत नाही, हे कोणत्याही अनुभवी शिक्षिकेला ठाऊक असते.

संख्याबोधाविषयी झां प्याजे (१८९६–१९८०) यांची निरीक्षणे प्रसिद्ध आहेत. चिंचोक्यांच्या समान संख्येच्या दोन ओळींपैकी एक ओळ फाकवून लांब केली, की चार वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीत जास्त चिंचोके आहेत असे सांगते. ते शंभरापर्यंत अंक म्हणून दाखवत असेल, तरीही! ‘दोन्हींत सारखेच आहेत’ असे बजावून हा समज सहसा जात नाही. वाटणे, जोड्या लावणे, मोजून परत मांडणे हे वारंवार केल्यावर तो हळूहळू सरतो.

‘तळ्यात-मळ्यात’ हा खेळ करमणुकीचा वाटतो. पण त्यात मुलाला शब्द नीट ऐकावा लागतो आणि उडी मारण्याची ऊर्मी रोखावी लागते. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळाचेही तसेच आहे. स्वतःला थांबवण्याची ही क्षमता पुढे वर्गात लक्ष देण्यासाठी उपयोगी पडते. मात्र चुकणाऱ्याला बाद करण्याचा नियम बालवाडीत ठेवू नये. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे तेच मूल सर्वांत आधी कडेला बसवले जाते. संगीत खुर्चीच्या बाबतीत हा दोष अधिक ठळक आहे.

तीन वर्षांची मुले पुष्कळदा शेजारी बसूनही आपापले खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये या अवस्थेला ‘समांतर खेळ’ म्हटले. अशा मुलांना बळेच गटात ओढणे व्यर्थ असते. सहकार्याचा खेळ पुढे येतो.

शिक्षिकेची भूमिका

वर्गातील खेळाचे स्थूलमानाने मुक्त आणि मार्गदर्शित असे दोन प्रकार केले जातात. दुसरा प्रकार अवघड असतो. दुकान-दुकान खेळणाऱ्या मुलांना ‘हे किती? तो रंग कोणता?’ असे विचारत सुटले की खेळ थांबतो आणि तोंडी परीक्षा सुरू होते. त्याऐवजी ताईने गिऱ्हाईक होऊन ‘अर्धा किलो गूळ द्या हो, पण नीट जोखून द्या’ असे म्हटले, तर मुले तराजू शोधू लागतात. दोन करवंट्या, सुतळी आणि काठी हाताशी असली तर तो बनवूही पाहतात. दांडी एकीकडे का कलते हा प्रश्न मग त्यांचा स्वतःचा होतो. साहित्य आधी विचारपूर्वक मांडून ठेवणे, प्रवेश नेमका करणे आणि वेळीच बाहेर पडणे हे या कामातील कौशल्य आहे. कोण कशाशी खेळला, कुठे अडला, काय बोलला याची दोन ओळींची नोंद ही या वयातील मूल्यमापनाची योग्य रीत मानली जाते.

लेखनाची घाई

या पद्धतीला सर्वाधिक धोका पोहोचतो तो लवकर लिहायला लावण्याच्या आग्रहातून. मनगटातील आठही अस्थी जन्माच्या वेळी कूर्चेच्या असतात आणि त्या हाडाच्या बनण्याची क्रिया बालवाडीच्या वयात चालूच असते. बोटांचे लहान स्नायूही पुरते तयार झालेले नसतात. माती मळणे, मटार सोलणे, ओले फडके पिळणे, फुले ओवणे आणि रांगोळीची चिमूट सोडणे यांतून पेन्सिल धरण्याची तीच तीन बोटे तयार होतात. तयारी नसताना पानेच्या पाने गिरवून घेतली तर अक्षर सुधारण्याऐवजी पेन्सिलीची चुकीची पकड आणि लिहिण्याचा कंटाळा मात्र पक्का होतो.

पालकांचा आग्रह अनाकलनीय नाही. ज्या घरात पहिलेच मूल शाळेत जात आहे, तेथे भरलेली वही हा शिक्षणाचा दिसणारा पुरावा असतो. मातीचा बैल तसा वाटत नाही. त्यामुळे केवळ उपदेश करणाऱ्या पालकसभांपेक्षा आई-वडिलांनाच चिंचोक्यांचे वर्गीकरण करायला बसवणाऱ्या सभा अधिक परिणामकारक ठरू शकतात. दुसऱ्या बाजूने, खेळाने सर्व काही साधते हा समजही एकांगी आहे. ध्वनी ओळखण्याचे खेळ वाचनाची पूर्वतयारी करतात. अक्षरे आणि बाराखडी मात्र पुढे क्रमाने शिकवावीच लागते.

धोरण आणि प्रत्यक्ष स्थिती

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा तिच्याकडे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला आणि २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळाला केंद्रस्थान दिले. कागदावर बोर्डीच्या अंगणातील विचार मान्य झाला आहे. प्रत्यक्षात एकाच खोलीत तीन, चार आणि पाच वर्षांची मुले असतात, मदतनीस आहाराच्या कामात गुंतलेली असते आणि सेविकेला मुलांना खेळवण्याबरोबरच वजने घेणे, नोंदी भरणे व गृहभेटी ही कामेही करायची असतात. अशा वेळी मोठ्या मुलांनी लहानांना खेळात सामावून घेणे हाच पुष्कळ ठिकाणी तिचा आधार असतो.