अंगठा आणि पुढचे दात

सोनोग्राफीत पोटातलं बाळही अंगठा चोखताना दिसतं. त्यामुळे याला आपण वाईट खोड म्हणणार नाही. बहुतेक मुलं २ ते ४ वर्षांच्या दरम्यान ती आपणहून सोडतात.

दात पुढे येतात ते चोखण्याच्या जोरापेक्षा कालावधीमुळे. हलका दाबही रोज तासन्‌तास राहिला, की दाताच्या मुळाशी एका बाजूचं हाड झिजतं, दुसरीकडे नवं तयार होतं आणि दात सरकतो. (दातांच्या तारा हेच तर करतात!) म्हणून रात्रभर तोंडात राहिलेला अंगठा अधिक नडतो.

कायमचे पुढचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येतात. त्याआधी सवय सुटली, तर वरच्या-खालच्या दातांमधली फट बहुधा आपोआप भरते.

घाबरलेलं मूल अंगठाच शोधतं. तेव्हा ओरडणं, कडू लावणं नको. बालवाडीत त्याच्या हाती माती, मणी देऊन पाहू. झोपल्यावर अंगठा अलगद काढायला पालकांना सांगू.