उभ्या गाडीची थरथर

रस्त्याला लागली की मोटार सुरळीत पळते; पण दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभी राहिली की तिचे सारे अंग थरथरू लागते. मग आपण उद्यमनगर गाठतो आणि म्हणतो, ‘मेस्त्री, जरा रेस वाढवून द्या.’ रेस वाढते, थरथर दबते. रोग आतच राहतो, नि पेट्रोल मात्र जास्त जाऊ लागते.

चार सिलिंडरांचे इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे एकूण १६०० स्फोट. त्यातला एक सिलिंडर गप्प बसला, की पालखीच्या चार भोयांपैकी एकाने खांदा काढल्यासारखे होते. वेगात ते फारसे जाणवत नाही, संथ चालीत लगेच कळते.

तेव्हा आधी कान द्या. (गाडी उघड्यावर घ्या, बंद गॅरेजात साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो.) धक्का ठरावीक ठेक्यात चुकत असेल, तर बहुधा एक सिलिंडर पेटत नाही. चाल आपोआप वर-खाली होत असेल, तर कुठून तरी जादा हवा शिरत असावी. मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून पकडीने हलकेच दाबा. एखादी दाबताच चाल सुधारली, तर चोर तिथेच आहे असं समजा.

आपल्याकडच्या पावसाची खूण निराळी. ओल्या दिवसांतच गाडी थरथरते, उन्हात ठीक चालते, असे असेल तर प्लगच्या वायरी पाहा. चिरलेल्या वायरीतून ठिणगी वाटेतच निसटते. अंधारात बॉनेट उघडले तर निळसर चमक दिसते. हात मात्र लावू नका!

प्लग फिकट तपकिरी असावा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जादा किंवा ठिणगी क्षीण. तेलकट ओल म्हणजे रिंगा झिजल्याचा संशय.

जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर सांभाळणाऱ्यांनी कार्बुरेटरचा स्क्रू सगळ्यात शेवटी हाताळावा. मंद चालीच्या जेटचे भोक इतके बारीक, की कचऱ्याचा एक कण पुरतो. तिथं तार खुपसू नये, हवेने फुंकावे. नव्या गाड्यांत कार्बुरेटर नाही. तिथे थ्रॉटलवरची काजळी पुसावी आणि संगणकाने नोंदलेला दोष यंत्र लावून वाचून घ्यावा.

एवढ्यानेही भागले नाही, तर कॉम्प्रेशन मोजा. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एकच फार कमी आला, तर मेस्त्रींना हेड उघडू द्या.