पाडव्याला तोंडी सांगितले म्हणजे नोटीस होत नाही



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतीचे साल पाडव्याला फिरते. सालगड्याचा हिशेब त्या दिवशी, मक्त्याची बोलीही त्याच दिवशी. आणि पुष्कळदा त्याच दिवशी मालकाचा निरोप येतो, "भाऊ, यंदा शेत सोडा." समजा, तुम्ही पाच एकर शेत सात-आठ वर्षांपासून मक्त्याने वाहता. पऱ्हाटी उपटून झाली, शेणखत टाकले, नांगरटी केली, बियाण्यासाठी उधारीही बोलून ठेवली. अशा वेळी पंधरा दिवसांत शेत सोडा म्हणून चिठ्ठी आली, तर काय करायचे? बहुतेक लोक गुपचूप सोडून देतात. "शेत त्यांचे, आपण काय बोलणार?" असे म्हणतात. पण कायदा असे म्हणत नाही.

विदर्भासाठी कुळवहिवाटीचा स्वतंत्र कायदा १९५८ सालचा आहे. त्याआधी वऱ्हाडात १९५१ चा शेतजमीन पट्ट्यांचा कायदा होता आणि त्याखाली संरक्षित कुळे होती. पुढे १ एप्रिल १९६१ पासून अनेक कुळांना जमिनीची मालकीही मिळाली. कायदा जुना झाला म्हणून तो संपला, असे काही जण सांगतात. तो संपलेला नाही.

या कायद्यानुसार कुळाची वहिवाट मालकाच्या मर्जीने संपत नाही. कायद्याने ठरवलेले कारण घडलेले पाहिजे. खंड वेळेवर न देणे, जमिनीचे कायमचे नुकसान करणे, परस्पर पोटकूळ ठेवणे, स्वतः न वाहणे, शेतीऐवजी दुसऱ्याच कामाला जमीन वापरणे अशी ती कारणे आहेत. शिवाय मालकाने लेखी नोटीस दिली पाहिजे, तीत कारण लिहिले पाहिजे आणि मुदत तीन महिन्यांची पाहिजे. त्या मुदतीत चूक सुधारण्याची संधी कुळाला असते. पंधरा दिवसांची किंवा महिन्याभराची नोटीस लोकांनी घरभाड्याच्या व्यवहारात ऐकलेली असते, तीच शेताला लावतात. ते चूक आहे.

तीन महिनेच का, हे जरा मोजून पाहा. जानेवारीत नोटीस मिळाली तर पाडव्याच्या सुमारास मुदत संपते आणि दुसरे शेत पाहायला वेळ मिळतो. पाडव्याला मिळाली तर मृग उलटून पेरणी तोंडावर येते. पंधरा दिवसांत ज्याला शेत सोडावे लागते, त्याचे खत दुसऱ्याच्या जमिनीत राहते आणि ऐन हंगामात हात रिकामे राहतात. सगळे मक्ते तोवर ठरून गेलेले असतात.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. नोटीस बरोबर असली तरी मालक स्वतः येऊन धुऱ्यावर काटे लावू शकत नाही. कुळाकडून ताबा घ्यायला त्याला तहसीलदाराकडे अर्ज करून हुकूम मिळवावा लागतो. तसेच, तुम्ही शेत राजीखुशीने सोडले असे म्हणायलाही लेखी राजीनामा लागतो आणि तहसीलदाराने त्याची खात्री करून घ्यावी लागते. म्हणून घरी बसून कोणत्याही कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. इथेच जास्त लोक फसतात.

चिठ्ठी आली तर ती फाडू नका, जपून ठेवा. कोणत्या तारखेला मिळाली ते मागे लिहा. मग साध्या भाषेत उत्तर लिहा की नोटिशीला कायद्याची मुदत नाही, कारण दिलेले नाही, मी कूळ म्हणून शेत वाहतो व खंड द्यायला तयार आहे. हे उत्तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि नक्कल ठेवा. खंड थकला असेल तर आधी तो द्या, आणि मालक हाती घेत नसेल तर बँकेतून त्याच्या खात्यावर भरा. खंड थकवून भांडायला उभे राहणे म्हणजे मालकाच्या हाती कारण देणे आहे. जबरदस्तीने हुसकले तर वेळ न घालवता तहसीलदाराकडे ताब्यासाठी अर्ज करा. निकाल विरुद्ध गेला तर वर अपील आहे, आणि त्यापुढे नागपूरला महसूल न्यायाधिकरण आहे.

आता पुराव्याचे. हीच आपली दुखरी बाजू आहे. सातबाऱ्यावर कुळाचे नाव व खंड लिहायची जागा असते. बहुतेकांची ती कोरी असते, कारण मालकाला नाव लागण्याची भीती वाटते. ती भीती अगदीच खोटी नाही, आणि सगळे मालक काही मोठे जमीनदार नसतात. दोन एकरांची मालकीण असलेली विधवा बाईही मक्त्याने शेत देते, आणि विधवा, अज्ञान मुले, अपंग व सैन्यातले जवान यांच्यासाठी कायद्यात वेगळ्या तरतुदी आहेत. पण भीतीपोटी सगळे तोंडीच ठेवले, की भांडण झाल्यावर दोघांजवळही कागद नसतो. म्हणून खंडाची पावती मागा. पावती देत नसतील तर खंड बँकेतूनच द्या. खताची, बियाण्याची बिले, कापूस विकल्याच्या पट्ट्या सांभाळा. पीक पाहणीत वहिवाट कोणाच्या नावाने लागली ते तलाठ्याकडे दरवर्षी पाहा. शेजारच्या धुरेकऱ्याची साक्षही उपयोगी पडते.

मात्र मजुरी घेऊन मालकाच्या देखरेखीखाली काम करणारा सालगडी कूळ होत नाही. देवस्थान व ट्रस्टच्या जमिनींचे नियम वेगळे आहेत. आणि मालक आदिवासी असून तुम्ही आदिवासी नसाल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तो मक्ताच कायद्याला धरून नाही. तिथे कूळ म्हणून हक्क सांगायला जाऊ नका.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जाताना ती चिठ्ठी, पावत्या आणि सातबाऱ्याचा ताजा उतारा सोबत न्या.