एक बाप्तिस्मा, दोन वाटा : मतभेद ठेवून एक झालेल्या मंडळ्या

आजचा विषय मी एका प्रश्नामुळे निवडला. गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "तुम्ही सगळे ख्रिस्ती येशूलाच मानता ना? मग एका गावात चार चर्च कशाला?" प्रश्न साधा वाटतो. ख्रिस्ती माणसाला तो शेजारी विचारतो, ऑफिसातला सहकारी विचारतो, आणि खरं सांगायचं तर घरातली मुलंही विचारतात.

माझ्या आजोबांची मंडळी बिशप न मानणारी. आजीच्या माहेरची मंडळी बिशप मानणारी. नाताळात आजीच्या माहेरी गेलं की आजी प्रभुभोजनासाठी वेदीपाशी जायची आणि आजोबा बाकावर बसून राहायचे. त्यांचं दृढीकरण बिशपच्या हातून झालेलं नव्हतं, म्हणून. दोघांचा देव एक, दोघांचं बायबल एक, घरातली प्रार्थना एक. पण त्या दिवशी भाकर मात्र एकीलाच. आजोबा त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत, हे मला आईनं सांगितलं. तेव्हा आपण ज्याला 'मतभेद' म्हणतो तो काही फक्त पुस्तकातला मामला नसतो. तो असा नवराबायकोच्या मधे येऊन बसतो.

आता मराठी मुलखापुरतं बघू. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ पासून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, स्थिरावले. स्कॉटिश मिशन १८२३ मध्ये कोकणात बाणकोटला आलं, मग पुण्याकडे गेलं. अमेरिकेतलेच प्रेस्बिटेरियन १८५२ मध्ये कोल्हापूरला आले. पुढे अँग्लिकन लोकही नगर जिल्ह्यात आले. बहुतेक मिशनांनी आपापसात प्रदेश ठरवून घेतले होते, एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही म्हणून. परिणाम असा, की माणूस कुठल्या पंथाचा हे त्याच्या विचारानं ठरलंच नाही, ते त्याच्या तालुक्यानं ठरलं. स्कॉटलंडमधलं भांडण, इंग्लंडमधलं भांडण, मॅसॅच्युसेट्समधलं भांडण, ही सगळी आपल्याकडे वारशानं आली. ज्यांच्या पणजोबांनी त्या भांडणात तोंड उघडलं नव्हतं, ते लोक त्या नावांनी वेगळे बसू लागले.

ही गोष्ट फार लवकर ज्यांच्या लक्षात आली त्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला वाटतं, इथे गोष्ट संपली. तिथेच तर सुरू झाली! त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे, जरूर वाचा. त्यात रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल, ख्रिस्ताच्या देवपणाबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल एकामागून एक प्रश्न विचारतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मी बायबल वाचून, माझ्या विवेकबुद्धीला पटेल ते स्वीकारीन. तुमचं चर्च म्हणतं एवढ्यासाठी स्वीकारणार नाही. एका पुरोहितवर्गाच्या शब्दाखालून नुकत्याच बाहेर पडलेल्या बाई दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या शब्दाखाली जायला तयार नव्हत्या, हे समजण्यासारखं आहे. सिस्टर जेराल्डिन यांना तो अहंकार वाटला. मी दोघींची पत्रं वाचली आहेत, आणि सिस्टर जेराल्डिन वाईट होत्या असं मला वाटत नाही. त्या खरोखर घाबरल्या होत्या, कारण त्यांच्या दृष्टीनं हा तारणाचा प्रश्न होता.

पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी लिहिलं आहे, की परदेशात हाय चर्च, लो चर्च, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथलिक असे सगळे भेटले, प्रत्येकाची शिकवण वेगळी, आणि त्या गोंधळानं आपण चक्रावून गेलो. पुढे त्यांची श्रद्धा बदलली, खोल झाली, ख्रिस्ताच्या देवपणाबद्दलची शंकाही राहिली नाही. पण केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी कुठल्याही एका पंथाच्या दावणीला बांधलं नाही.

हे झालं एका माणसाचं. आता प्रश्न असा, की संस्थांना हे जमतं का? एकटी व्यक्ती म्हणू शकते, मी कुठल्याच गटात नाही. पण मंडळीला रविवारी कुणीतरी बाप्तिस्मा द्यावाच लागतो, आणि तो कुणाला, कधी, कसा, हे ठरवावं लागतं. म्हणून आज मला नागपूरबद्दल सविस्तर बोलायचं आहे.

त्याच्या आधी एक मिनिट दक्षिणेकडे. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ साऊथ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, मेथडिस्ट, आणि आधीच एकत्र आलेल्या प्रेस्बिटेरियन–काँग्रिगेशनल मंडळ्या त्यात होत्या. त्याची सुरुवात १९१९ च्या त्रांकेबारच्या बैठकीत झाली, आणि त्या बैठकीला जमलेले बहुतेक सगळे भारतीय होते. बिशप अझरियांसारखी माणसं त्यात होती. आमच्यावर लादलेल्या फुटी आम्ही का सांभाळायच्या, हा त्यांचा सूर होता. पण दक्षिणेच्या त्या ऐक्यात बॅप्टिस्ट नव्हते. खरी गाठ तिथेच होती, आणि ती उत्तरेच्या वाट्याला आली.

गाठ काय ते नीट समजून घेऊ, कारण बाहेरच्या माणसाला हे पाण्यावरचं भांडण वाटतं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन वगैरे मंडळ्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. त्यांचा विचार असा, की तारण ही देवाची कृपा. बाळाला काही कळायच्या आधीच देव त्याच्यावर प्रेम करतो, मग खूण आधी द्यायला काय हरकत? बॅप्टिस्ट म्हणतात, थांबा. तारण विश्वासानं मिळतं, आणि दुसऱ्याच्या वतीनं विश्वास ठेवता येत नाही. माणसानं स्वतःच्या तोंडानं कबुली द्यावी, मग पाण्यात उतरावं. बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं त्याला ते बाप्तिस्माच म्हणत नाहीत. आणि आमच्या डहाणू–पालघरपासून वर गुजरातपर्यंत पसरलेली ब्रदरेन मंडळी तर तीनदा पाण्यात बुडवणारी.

आता पेच बघा. बॅप्टिस्टानं बालबाप्तिस्मा 'चालेल' म्हटलं, तर तो स्वतःच्या श्रद्धेचा पायाच सोडतो. अँग्लिकनानं, लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या माणसाचा पुन्हा बाप्तिस्मा 'चालेल' म्हटलं, तर देवानं एकदा केलेली गोष्ट अपुरी होती असं तो कबूल करतो. इथे 'जरा समजून घ्या हो' म्हणून भागत नाही. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक आहेत, म्हणूनच तर अडचण आहे.

उत्तर भारतात बोलणी सुरू झाली १९२९ मध्ये, लखनौला. ऐक्य झालं २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला. एक्केचाळीस वर्षं! बोलणी सुरू करणाऱ्यांपैकी कितीतरी जण तोवर देवाघरी गेले असतील. सहा मंडळ्या एक झाल्या: अँग्लिकन, संयुक्त उत्तर भारतीय मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट.

बाप्तिस्म्याचं त्यांनी काय केलं? कोण बरोबर हे ठरवलं नाही. त्यांनी प्रश्न थोडा मागे जाऊन पाहिला. माणूस मंडळीचा पूर्ण सभासद होतो तो एका क्षणात होत नाही, तो एक प्रवास असतो. एका वाटेवर बाळाचा बाप्तिस्मा होतो, मग शिक्षण, आणि मोठेपणी स्वतःच्या तोंडानं विश्वासाची कबुली. दुसऱ्या वाटेवर बाळाला देवाला अर्पण करून आशीर्वाद देतात, मग शिक्षण, आणि मोठेपणी कबुली देऊन बाप्तिस्मा. दोन्ही वाटांच्या शेवटी पाणीही आहे आणि स्वतःची कबुलीही आहे. क्रम वेगळा. म्हणून दोन्ही प्रथा पर्यायी प्रथा म्हणून मान्य झाल्या. आईबापांनी निवडावं. आणि ज्या पाळकाची विवेकबुद्धी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देऊ देत नाही, त्याच्यावर सक्ती नाही. दुसऱ्या पाळकाला बोलवायचं.

हे कलम मला फार आवडतं. सहिष्णुता म्हणजे मनाचा मोठेपणा, एवढ्यावर त्यांनी सोडलं नाही. रविवारी सकाळी बाळ घेऊन कुणी दारात उभं राहिलं तर काय करायचं, ते लिहून ठेवलं.

एक कोपरा मात्र शिल्लक राहिलाच. लहानपणी बाप्तिस्मा झालेला तरुण येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, मला आत्ता खरा विश्वास मिळाला, मला पाण्यात उतरायचंय," तर? यावर सरसकट नियम बसला नाही. ही बाब पाळकानं माणसाशी बोलून हाताळायची आणि बिशपकडे न्यायची, असं ठरलं. पळवाट आहे का? काही प्रमाणात आहे. पण जिथे नियम केला असता तर एक बाजू हरली असती, तिथे त्यांनी माणसांना समोरासमोर बसवलं.

दुसरी गाठ पाळकांच्या दीक्षेची. अँग्लिकनांच्या मते खरी दीक्षा प्रेषितांपासून चालत आलेल्या बिशपांच्या परंपरेतूनच. मग बाकीच्यांचे पाळक खोटे का? नागपूरला प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बिशपवर बिशप नसलेल्यांनीही हात ठेवले. कुणात काय कमी होतं हे त्या प्रार्थनेत म्हटलेलं नाही. ते देवावर सोपवलं. टीकाकार म्हणाले, ही मुद्दाम केलेली संदिग्धता आहे. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. आता वाटतं, की ज्याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं ते त्यांनी देवाकडे दिलं आणि तसं उघड सांगितलं, यात लबाडी नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट, म्हणजे त्यांच्यातला मोठाच गट, अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिला. ब्रदरेन मंडळीतले काही लोक पुढे वेगळे झाले आणि मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २००५ मध्ये एकदा आणि २०१३ मध्ये पुन्हा. न्यायालयानं सांगितलं, की नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावानं विश्वस्त संस्थेची मालमत्ता हस्तांतरित होत नाही. म्हणजे बघा, तारणाचा प्रश्न एक्केचाळीस वर्षांत सुटला, सातबाऱ्याचा नाही सुटला. (हशा)

कॅथलिकांचं काय, असं चिठ्ठीत विचारलंय. तिकडेही हललं आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी, माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. लुथरच्या काळातलं मुख्य भांडण हेच. घोषणापत्र म्हणतं, मूलभूत सत्यावर आमचं एकमत आहे, उरलेले फरक राहू द्या, आणि सोळाव्या शतकातले परस्परांवरचे धिक्कार या शिकवणीला लागू नाहीत. पण प्रभुभोजनाचं मेज अजून एक नाही. माझ्या आजोबांचं बाक तिथे अजून आहे.

शेवटची चिठ्ठी. "१९७० मध्ये रमाबाई असत्या, १८८५ मधल्या शंकांसह, तर त्यांना आत घेतलं असतं का?" फार चांगला प्रश्न. बाप्तिस्म्याबाबत एवढं मोकळं राहूनही या मंडळ्यांनी एक तळ कायम ठेवला: बायबल, प्रेषितांचा आणि नायसियाचा विश्वासांगीकार, त्रिएक देव. ज्या मंडळीला काहीच मानायचं नाही तिला एक व्हायचं तरी कशासाठी, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. पण दक्षिणेच्या मंडळ्यांनी १९४७ च्या आधारपत्रातच एक टीप घातली आहे. विश्वासांगीकारातली मूलभूत सत्यं आम्ही स्वीकारतो, पण प्रत्येक व्यक्तीनं त्यातल्या प्रत्येक शब्दाला मान्यता दिलीच पाहिजे अशी मागणी करत नाही, आणि अर्थ लावण्याची वाजवी मोकळीक नाकारत नाही, असा त्याचा आशय आहे. मंडळीनं एक बोलावं, माणसाला वेळ मिळावा. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिनकडे जवळपास एवढंच मागितलं होतं, बासष्ट वर्षं आधी.

वेळ झाली आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही बसणार होते. म्हणजे त्यांनी पाण्याचा प्रश्नच वेगळ्या बाजूनं धरला. त्यावर पुढच्या वेळी बोलू.